साडीचा काठ मळका का दिसतो

मंगळवार, सकाळी साडेदहा. धुळे, साडीचं दुकान, तळमजला. साप्ताहिक सुट्टी, शटर खाली, काचांना आतून काळं कापड. हजर: मी, वैशाली, कॅमेरा व लॅपटॉपसह, दुकानाचे मालक शेठजी, दुकानात तीस वर्षं काम करणारे नाना. काम: पडद्याचं कॅलिब्रेशन, फेरी तिसरी.

ही नोंद माझ्या वहीतली. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं वर्कशॉप आहे. आम्ही एलईडीचे मोठे पडदे बसवतो, दुरुस्त करतो आणि मुख्य म्हणजे त्यांचा उजेड सगळीकडे सारखा करून देतो. प्रत्येक पडद्याची स्वतंत्र वही असते. कोण आलं, काय दिसलं, काय केलं, कारण काय. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, मी भाजी आणायला जातानाही हजेरी घेते. घेते. म्हणून आमच्याकडे एक स्क्रूही हरवत नाही.

त्या मंगळवारच्या नोंदीत मात्र शेवटी मी एक ओळ लिहिली आणि वैशालीचं धुळ्यातलं नाव गेलं. ती ओळ चुकीची होती. कशी चुकली ते सांगते, पण त्याआधी धंदा समजावून सांगावा लागेल.

लग्नाच्या स्टेजवर मागे जो भलामोठा पडदा चमकतो, तो लोकांना एकच अखंड काच वाटतो. तसं नसतं. फरशी बसवतो तसे चौकोनी तुकडे एकाला एक लावून तो उभा केलेला असतो. प्रत्येक तुकड्यावर लाल, हिरवे, निळे असे हजारो दिवे, मोहरीपेक्षा बारीक. एकाच कारखान्यात एकाच दिवशी बनलेले दोन दिवेसुद्धा सारखे उजळत नाहीत. एकेकटे दाखवले तर कुणाला कळणार नाही, पण शेजारी ठेवले की डोळा लगेच पकडतो. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये पडदा बसवत होतो, तेव्हा तिथले कापूस पारखणारे आबा म्हणाले होते, "ताई, एक मूठ कापूस दाखवा, मी पांढरा म्हणीन. दोन मुठी दाखवा, मग सांगतो पिवळा कोणता." आमचा सगळा धंदा त्या दुसऱ्या मुठीचा आहे.

तर आम्ही करतो काय, अंधार करून पडदा एका रंगात पेटवतो आणि समोर तिवईवर कॅमेरा लावतो. कॅमेरा एकेका दिव्याचा उजेड मोजतो. मग प्रत्येक दिव्याला, तू एवढंच जळायचं, असा आकडा ठरवून दिला जातो. यात एक मेख आहे. मंद दिव्याला फारसं वर नेता येत नाही, कारण त्याच्याकडे शिल्लक काही नसतं. म्हणून उजळ दिव्यांना खाली आणायचं. सहलीला नेलेल्या वर्गात सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाच्या चालीने सगळी रांग चालवतात, तसं.

हे काम चांगलं करणारी माणसं थोडी. माझ्याकडे एक होती, वैशाली. दोंडाईचाची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, पाच वर्षं माझ्याकडे. बोलायला कमी, बघायला जास्त. पडदा चालू झाला की ती आधी डोळे बारीक करून पाच मिनिटं नुसती उभी राहायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, हिला काही येत नाही. नंतर तेच गिऱ्हाईक फोनवर सांगायचं, "त्या बघत राहणाऱ्या ताईंनाच पाठवा."

धुळ्याच्या दुकानातला पडदा नऊ फूट बाय सहा फूट, गादीच्या मागच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर वर. त्यावर दिवसभर नऊवारी, पैठण्या, शालू सरकत असतात. बसवून चार महिने झाले आणि शेठजींचा फोन आला.

"ताई, पदर बघा, झकास. काठ बघा, मळका. काल एका बाईने विचारलं, शेठ, ही साडी धुतलेली आहे का? आता मी काय बोलू? तीन पिढ्यांचं दुकान, आजपर्यंत कोणी असं विचारलं नव्हतं."

जाऊन पाहिलं. पडद्याच्या खालच्या भागात, बरोबर मधोमध, दोन ताटं शेजारी ठेवावीत एवढा लांबट गोल डाग. तिथला उजेड कमी आणि जरा पिवळसर. साडीचं चित्र आडवं सरकायचं आणि काठ खालच्या कडेला असायचा, त्यामुळे काठ नेमका त्या डागातून जायचा. वैशालीने कॅमेरा लावला, आकडे घातले, डाग गेला. फेरी पहिली.

सहा आठवड्यांनी डाग परत. पुन्हा सुट्टीच्या दिवशी गेलो, पुन्हा शटर पाडलं, पुन्हा पडदा एकसारखा करून आलो. फेरी दुसरी. त्यानंतर पंधरा दिवसांनी शेठजींचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला होता.

"अब तो उलटाच झालं! काठ चमकतो आणि पदर मळका. ताई, तुमचा पडदा आहे की गिरगिट?"

अशा रीतीने आम्ही वर सांगितलेल्या मंगळवारी तिसऱ्यांदा हजर झालो. डाग त्याच जागी, त्याच आकाराचा, पण आता भोवतालापेक्षा उजळ. मी कॅमेऱ्याची पेटी उघडली. वैशाली उभीच राहिली.

"ताई, मी आज कॅमेरा लावणार नाही."

"का?"

"हा डाग गोल आहे."

"मग?"

"तुकडे चौकोनी, त्यांच्यातलं कार्ड चौकोनी, केबलीची ओळ सरळ. बिघाड झाला तर चौकोनात होईल नाही तर पट्ट्यात. गोल बिघाड कुठून येणार? आणि दिवे म्हातारे झाले म्हणावं, तर म्हातारे झालेले दिवे परत तरुण कसे झाले?"

नाना कोपऱ्यात साड्यांच्या घड्या घालत होते. ते म्हणाले, "म्हातारं परत तरणं व्हत व्हई, ते माले बी सांगा व ताई." शेठजींनाही हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

वैशाली म्हणाली, "वर काहीतरी बसतंय आणि निघतंय. एकदा पुसून बघू."

मी म्हटलं, "पुसायचं नाही."

याला कारण भडगाव. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका मंगल कार्यालयात आम्ही पडदा बसवला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी तिथल्या व्यवस्थापकांनी उत्साहाने तो साबणाच्या पाण्याने, ओल्या गोणपाटाने, वरून खाली घासून घेतला. आम्ही पोचलो तेव्हा दिवे मोहरीसारखे जमिनीवर सांडलेले होते आणि पडद्यावरच्या नवरीच्या गालाला भोकं पडली होती. व्यवस्थापक अभिमानाने म्हणाले, "बघा, भांड्यासारखा लख्ख केला." त्या दिवशी माझ्या तपासणीच्या यादीतली पहिली ओळ, 'पडदा कोरडा पुसणे', मी काढून टाकली आणि समासात लिहिलं: कुणीही, कधीही नाही.

भडगावच्या पडद्याचे दिवे उघडे होते. पुढे पारदर्शक गोंदाचा थर ओतलेले पडदे आले. त्यांचा पृष्ठभाग पाटीसारखा सपाट असतो, मऊ फडक्याने खुशाल पुसता येतो. धुळ्याचा पडदा तसाच होता. हे मला ठाऊक होतं. पण यादी जुनीच राहिली, आणि मी पडद्याकडे पाहण्याऐवजी यादीकडे पाहिलं. यादी मी केलेली असल्यामुळे ती चुकत असेल असं मनातही आलं नाही.

शेवटी वैशालीने कॅमेरा लावला, कारण मी तसं सांगितलं. डाग गेला. मग शेठजी म्हणाले, "तीन वेळा झालं. मला कारण लिहून द्या. भावांना दाखवायचं आहे."

कारणाचा रकाना मला रिकामा ठेवता येत नाही. हा स्वभाव आहे, त्याचं समर्थन करत नाही. दिवे चांगले, कार्डं चांगली, कॅमेरा नवा. सगळ्यावर खूण केल्यावर उरलं एकच. मी लिहायला लागले तशी वैशाली खांद्यावरून वाचत होती.

"ताई, ही चूक मी केलेली नाही."

"मग कुणी केली?"

"माहीत नाही. म्हणूनच लिहू नका."

मी लिहिलं. 'कारण: दुसऱ्या फेरीत कॅमेरा लावताना तंत्रज्ञाच्या हाताची चूक. तंत्रज्ञ: वैशाली.' शेठजींनी मोबाइलवर पानाचा फोटो घेतला. भावांना पाठवला, पडदा विकणाऱ्याला पाठवला, आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरही टाकला. त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. आपलं दुकान धुतलेल्या साड्या विकत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

पंधरा दिवसांत धुळ्यातूनच एका शोरूमचा फोन आला. "ताई, या वेळी त्या बघत राहणाऱ्या ताई नकोत." मग आणखी एकाचा. मी वैशालीला कॅमेऱ्यावरून काढून वर्कशॉपमध्ये सोल्डरिंगच्या टेबलावर बसवलं. तात्पुरतं, असं म्हटलं. आमच्या धंद्यात कॅमेऱ्यावरून टेबलावर येणं म्हणजे ड्रायव्हरने गाडी धुवायला लागणं. महिनाभर तिने मान खाली घालून सोल्डर केलं, एकही जोड कच्चा नाही. मग घरी काम आहे म्हणून दोंडाईचाला गेली. किल्ल्या टेबलाच्या खणात ठेवलेल्या मला दुसऱ्या दिवशी सापडल्या.

आणि दोन महिन्यांनी धुळ्याचा डाग परत काळवंडला.

आता मात्र मी चक्रावले. मधल्या काळात त्या पडद्याला कॅमेरा लागलाच नव्हता. वैशाली तर कामावरच नव्हती. मग हाताची चूक कुणाच्या हाताची? वही काढून तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्या. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की तिन्ही वेळा आम्ही गेलो ते सुट्टीच्या दिवशी. चालू दुकानात तो पडदा सकाळपासून काय करतो, हे आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. तेव्हा ठरवलं, या वेळी कॅमेरा न्यायचा नाही. दुकान उघडतं तेव्हा जायचं आणि बसून नुसतं बघायचं. वैशालीसारखं.

बुधवार, सकाळी पावणेदहा. नानांनी शटर वर केलं, झाडू मारला, पाणी शिंपडलं. मी गादीच्या टोकाला बसले. नानांनी बटण दाबलं आणि पडद्यावर लक्ष्मी आली. कमळावर उभी, जवळजवळ पुरुषभर उंच. ते चित्र मी ओळखलं, कारण ते आम्हीच घातलं होतं. पडदा बसवताना शेठजींच्या आईने, ज्यांना सगळं दुकान माँजी म्हणतं, हौसेने सांगितलं होतं की सकाळी आधी लक्ष्मी दिसावी, मग साड्या. माझ्या वहीत पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात आहे: 'सकाळी दहा मिनिटं देवीचं चित्र, आपोआप.' का, असं विचारायचं मला सुचलं नव्हतं.

माँजी मागच्या दाराने आल्या. चार फूट दहा इंच असतील, त्यात पाठीला पोक. हातात ताट, ताटात तुपाचं निरांजन, कापूर, बाजूला धूपदाणी. त्या सरळ पडद्याला भिडल्या आणि वाकलेल्या पाठीने त्यांचा हात जिथे सहज राहतो तिथे, म्हणजे देवीच्या पावलांशी, ओवाळू लागल्या. ज्योत पडद्यापासून चार बोटांवर. मी सवयीने मोजलं, अकरा वेळा. कापराचा धूर पावलांवर फुटून वर पसरत होता. मग त्यांनी कुंकवाचं बोट एका पावलाला लावलं, दोन्ही तळवे पडद्यावर टेकवले आणि डोक्याला लावले.

दोन ताटं शेजारी ठेवावीत एवढा लांबट गोल.

"माँजी, हे रोज करता?"

"रोज नहीं तो क्या! छुट्टी को नहीं आती, उस दिन तो देवी भी बंद रहती है."

मी पर्समधला पांढरा रुमाल काढला, त्यांची परवानगी घेतली आणि पावलांच्या टोकाशी हलकेच पुसलं. रुमालावर पिवळट काळा तेलकट पट्टा उमटला, मध्ये कुंकवाचा ठिपका. आणि पुसलेली तेवढीच पट्टी त्या डागात टक्क उजळली.

नाना मागून म्हणाले, "मी बी पुसस ना कधीमधी. लग्नसराईना आगोदर बठ्ठा पडदा पुशी टाका व्हता, धोतरना फडकाघाई. मंग कसा चकचक करे!"

"नाना, हे मला सांगितलं का नाही?"

"तुमीन इचारंच नही."

सगळं जागच्या जागी बसलं. काजळी बसली की डाग काळा. त्यावर कॅमेरा लावला की काजळीखालच्या दिव्यांसाठी बाकी सगळे दिवे खाली. मग नानांनी लग्नसराईआधी सगळा पडदा पुसला, तसा डाग उजळ; तिसऱ्या फेरीत आम्ही तोही खाली आणला आणि वर नवी काजळी बसली की तो परत काळा. कॅमेऱ्याने तिन्ही वेळा खरं तेच मोजलं होतं आणि वैशालीने तिन्ही वेळा बिनचूक आकडे घातले होते. पुसायची एक ओळ यादीत असती तर पहिल्याच फेरीत उलगडा झाला असता.

शेठजी आले. त्यांना रुमाल दाखवला. त्यांनी आधी रुमालाकडे पाहिलं, मग आईकडे. ते हळूच म्हणाले, "माँ, थोडी दुरून आरती केली तर?"

"पाय दुरून धरतात का रे?" माँजींनी विचारलं. मग माझ्याकडे वळल्या. "एवढा महाग पडदा आणि त्याला माझं निरांजन सोसत नाही? घरच्या देव्हाऱ्यातली तसबीर साठ वर्षं सोसते आहे."

"तसबीर तुम्ही पुसता ना, माँजी?"

"रोज."

"मग हीही पुसायची. एवढंच."

यावर त्यांचं समाधान झालं. आरती झाली की नानांनी कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं, असं ठरलं. पुढच्या सुट्टीला मी स्वतः पडदा स्वच्छ करून, पुन्हा पहिल्यापासून कॅमेरा लावून आले. पडदा बसवला त्या दिवशी होता तितका उजळला. काठ आणि पदर एक झाले.

त्या बुधवारी दुपारी मी दोंडाईचाला फोन लावला होता. वैशालीने तिथे मिक्सर आणि टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं आहे. मागे कुठला तरी मिक्सर घरघरत होता.

"वैशाली, तो डाग सापडला."

मिक्सर बंद झाला. "वर होता ना?"

"वर होता."

"कशाचा?"

सगळं सांगितलं. देवीची पावलं ऐकून ती खूप हसली, इतकी की मलाही हसावं लागलं. मग एकदम थांबून म्हणाली, "थांबा ताई. तूप आणि कापूर. म्हणजे पिवळा थर. पिवळा थर निळा उजेड जास्त खाणार. दुसऱ्या फेरीत निळ्याचे आकडे लाल-हिरव्यापेक्षा फार वेगळे आले होते. मला तेव्हा कळेना. मी माझ्याकडे लिहून ठेवलेत, पाठवू का?"

माझ्या वहीत निळ्याचा वेगळा रकाना नव्हता. आता आहे.

"परत ये कामावर," मी म्हटलं.

"ते नंतर बघू. त्या ओळीचं काय?"

वहीत खाडाखोड करायची नाही, हा माझाच नियम. चुकीची नोंद दुरुस्त करायची तर खाली नवी लिहायची आणि त्यावर माझी व ज्याच्याबद्दल नोंद आहे त्याची, अशा दोन सह्या हव्यात. मी तिला म्हटलं, नवी नोंद लिहिते आणि फोटो पाठवते, तू तिकडून होकार दे.

"फोटो नको. फोटोने काय होतं ते बघितलं. वही आणा. आधी वाचीन, मग सही करीन."

शेठजींनाही मी विनंती केली होती. ते म्हणाले, "ताई, दोन सह्यांचं पान द्या. पहिला फोटो जिथे जिथे गेला, तिथे तिथे हा पाठवतो. माझीही जबाबदारी आहे." म्हणजे वैशालीचं नाव स्वच्छ व्हायचं तर एकच काम बाकी आहे आणि ते माझ्याकडे आहे. हा लेख छापून आला तरी ते पान पुरं होत नाही.

नवी नोंद मी त्याच आठवड्यात लिहिली. 'कारण: पडद्यावर आरतीची काजळी. तपासणीच्या यादीत पुसण्याची ओळ नव्हती. ती मी काढली होती. तंत्रज्ञाने पुसण्याबद्दल तोंडी सुचवलं होतं, मी नाकारलं. तंत्रज्ञाची चूक नाही.' खाली माझी सही आहे. शेजारची जागा रिकामी आहे.

जळगावहून दोंडाईचा एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. आधी लग्नसराई होती, मग गणपतींचे मंडप, मग नवरात्रातले पडदे. ही सगळी खरी कारणं आहेत आणि त्यांतलं एकही खरं कारण नाही. ती ते पान वाचत असताना मला समोर बसावं लागेल, आणि ती सावकाश वाचते.

या आठवड्याच्या यादीत पहिलं काम आहे: दोंडाईचा, वही घेऊन. मागच्या आठवड्यातही तेच पहिलं होतं.